दिवसाची वीज शिवारात : सौरऊर्जेचे बदलते तंत्र आणि वाढती बाजारपेठ

रब्बी हंगामात गव्हा-हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस आणि कडाक्याच्या थंडीचे दिवस बरोबरच येतात. अंगावर घोंगडी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडे आणि पायाखाली चिखल, अशा स्थितीत मध्यरात्री दारे धरणारा शेतकरी हे महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांतील परिचित दृश्य आहे. अंधारात सर्पदंशाचे भय असते. जुन्नर, निफाडसारख्या उसाच्या पट्ट्यात त्यात बिबट्याच्या भयाची भर पडते. पंप सुरू करून घरी यावे तर मध्येच वीज जाते, आणि पाणी कोठवर पोहोचले हे पाहण्यासाठी पुन्हा शिवार गाठावे लागते. "आम्हाला वीज कमी द्या, पण दिवसा द्या", ही मागणी ग्रामसभांतून आणि जिल्हा परिषदांच्या सभांतून वर्षानुवर्षे ऐकू येत आहे.

शेतीला रात्री वीज का द्यावी लागली, याचे उत्तर औष्णिक वीजकेंद्राच्या भट्टीत दडलेले आहे. कोराडी किंवा चंद्रपूर येथील प्रचंड बाष्पक सायंकाळी विझवून सकाळी पुन्हा पेटविता येत नाहीत. ते अहोरात्र धगधगत ठेवावे लागतात. दिवसा कारखाने, कचेऱ्या आणि शहरे यांची मागणी मोठी असते. मध्यरात्रीनंतर ती ओसरते, आणि तयार होणाऱ्या विजेला ग्राहक हवा असतो. कारखान्याची पाळी सहसा हलविता येत नाही आणि रुग्णालयाची गरज तर मुळीच नाही. विहिरीवरचा पंप मात्र दुपारी चालला काय आणि रात्री दोन वाजता चालला काय, पाणी तेवढेच उपसतो. म्हणून चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असा आठ ते दहा तासांचा पुरवठा शेतीसाठी ठरविण्यात आला. पंपाची वेळ बदलता येते म्हणून ती बदलली गेली. त्या बदलाचा भार मात्र शेतकऱ्याच्या झोपेवर पडला.

आता हेच गणित उलट्या दिशेने मांडले जात आहे. सूर्यापासून मिळणारी वीज दिवसाच मिळते आणि भर दुपारी सर्वाधिक मिळते. साठवणुकीच्या खर्चात न पडता ती वापरावयाची असेल, तर ज्याची वेळ दिवसात आणता येईल असाच मोठा ग्राहक शोधावा लागतो. महाराष्ट्रात महावितरणच्या एकूण विजेपैकी सुमारे ३० टक्के वीज शेतीपंपांना लागते. ज्या गुणामुळे शेतीपंप रात्रीकडे ढकलला गेला, त्याच गुणामुळे तो सौरविजेचा सर्वांत सोयीचा ग्राहक ठरला आहे.

उष्णता नव्हे, प्रकाश

सौरऊर्जा म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अजूनही सौरचूल येते. काळ्या रंगाची पेटी, वर काच, आरसा लावलेले झाकण आणि आत शिजणारा डाळभात. सूर्याची उष्णता थेट वापरण्याचा तो मार्ग होय. शिर्डी येथे साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ अंतर्वक्र तबकड्यांच्या साह्याने वाफ निर्माण करून हजारो भक्तांचा स्वयंपाक करण्याची व्यवस्था उभारण्यात आली, ती याच मार्गातील मोठी मजल होती. परंतु आज गावोगावी छपरांवर आणि माळांवर दिसणाऱ्या निळ्या-काळ्या पॅनलचे कार्य अगदी वेगळ्या तत्त्वावर चालते. त्याला उष्णता नको असते. प्रकाश हवा असतो.

वाळूपासून मिळणारे सिलिकॉन अत्यंत शुद्ध करून त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापतात. चकतीच्या एका बाजूस फॉस्फरसचा आणि दुसऱ्या बाजूस बोरॉनचा अत्यल्प अंश मिसळला की एका थरात इलेक्ट्रॉनांची विपुलता आणि दुसऱ्यात उणीव निर्माण होते. दोन थरांच्या सीमेवर त्यामुळे एक अदृश्य उतार तयार होतो. प्रकाशाचा कण चकतीवर आदळून एखादा इलेक्ट्रॉन मोकळा झाला की तो या उतारावरून एकाच दिशेने घरंगळतो, आणि बाहेरून तार जोडलेली असेल तर तारेतून वीजप्रवाह वाहू लागतो. यात काही जळत नाही, फिरत नाही आणि आवाजही होत नाही. हा प्रवाह एकदिश असतो. घरातील किंवा शेतातील नेहमीच्या यंत्रांसाठी त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर इन्व्हर्टर करतो.

विदर्भातील ऊन प्रखर म्हणून तेथे मे महिन्यात वीज सर्वाधिक मिळेल, हा समज यामुळेच अपुरा ठरतो. पॅनलची क्षमता २५ अंश सेल्सियस तापमानास मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. चंद्रपूरच्या उन्हात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापला, तर बारा ते सोळा टक्के वीज उष्णतेपायीच कमी होते. शाळेतील विज्ञान शिक्षकांना हा प्रयोग सहज करून दाखविता येण्यासारखा आहे. एक लहान पॅनल, एक मल्टिमीटर आणि एक ओले फडके एवढेच साहित्य पुरते. उन्हात तापलेल्या पॅनलची मागील बाजू ओल्या फडक्याने थंड केली की व्होल्टचा आकडा वर सरकताना विद्यार्थ्यांना दिसतो.

महाराष्ट्रात एक किलोवॉट क्षमतेच्या पॅनलपासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. पावसाळ्यात ढगांमुळे हे प्रमाण बरेच खाली येते. परंतु पाऊस पडत असेल त्या दिवशी पंपाची गरजही कमी असते. निसर्गाने जुळवून दिलेली ही सोय शहराच्या वाट्याला येत नाही.

महाग खेळण्यापासून स्वस्त विजेपर्यंत

प्रकाशामुळे विद्युत् निर्माण होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १८३९ साली दाखवून दिले. प्रकाशाच्या कणांमुळे इलेक्ट्रॉन कसे मोकळे होतात याचे स्पष्टीकरण आइन्स्टाइन यांनी १९०५ साली केले आणि त्याच कार्यासाठी त्यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के प्रकाशाचे तो विजेत रूपांतर करीत असे. किंमत अशी होती की त्याला पहिला खरा ग्राहक अवकाशातच मिळाला. १९५८ साली सोडलेल्या 'व्हॅनगार्ड-१' या उपग्रहावर सौरघट बसविण्यात आले, कारण तेथे दुसरे इंधन पोहोचविण्याचा मार्गच नव्हता.

१९७३ च्या तेलसंकटानंतर या तंत्राकडे पृथ्वीवरील गरजांसाठी गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. त्या दशकाच्या मध्यास एका वॉटमागे पॅनलची किंमत आजच्या मूल्याने शंभर डॉलरच्या घरात होती. आज ती जागतिक बाजारात डॉलरच्या पाचव्या हिश्शाच्याही खाली गेली आहे. ही घसरण एखाद्या चमत्कारिक शोधाने झालेली नाही. जगातील एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत सुमारे एक पंचमांशाने उतरते, असा अनुभव पाच दशके येत राहिला. चकत्या अधिक पातळ झाल्या, चांदीचा वापर घटला, कारखाने मोठे झाले. जर्मनीने २००० साली कायदा करून सौरविजेला खात्रीचा दर दिला; त्या मागणीच्या बळावर कारखाने उभे राहिले; आणि पुढे चीनने हे उत्पादन अवाढव्य प्रमाणावर हाती घेतले.

भारतातील दरांचा प्रवासही बोलका आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाचा प्रारंभ जानेवारी २०१० मध्ये झाला, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौरविजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे असा धरला होता. त्याच वर्षअखेर निविदांत तो ११ ते १२ रुपयांच्या आसपास आला. २०१७ साली राजस्थानातील भडला येथील प्रकल्पासाठी २ रुपये ४४ पैसे, तर डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील निविदेत १ रुपया ९९ पैसे एवढा नीचांक नोंदला गेला. २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉट हे अभियानाचे मूळ उद्दिष्ट होते; २०१५ साली ते एक लाख मेगावॉटपर्यंत वाढविण्यात आले. ठरलेल्या मुदतीत ते गाठता आले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु जानेवारी २०२५ मध्ये देशाने एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला.

बाजारपेठ एवढी वाढली, तरी पॅनल बनविण्याची नाडी मुख्यत्वे एकाच देशाच्या हाती आहे. शुद्ध सिलिकॉनपासून तयार पॅनलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यात जागतिक क्षमतेचा ८० टक्क्यांहून अधिक वाटा चीनचा असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ साली नमूद केले होते. भारताने २०२२ पासून आयात पॅनलवर ४० टक्के आणि सौरघटांवर २५ टक्के सीमाशुल्क लावले, आणि उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत दोन टप्प्यांत मिळून २४ हजार कोटी रुपयांची तरतूद केली. त्यानंतर देशात पॅनल जोडणीचे कारखाने वेगाने वाढले. मात्र पॅनल जोडणे आणि त्यातील घट व चकत्या तयार करणे यांत मोठे अंतर आहे. चकत्यांसाठी परावलंबन अद्याप संपलेले नाही. पॅनलवर 'भारतीय' असा शिक्का असला तरी त्यातील चकती कोठची, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

तंत्राच्या आघाडीवर तीन-चार नावे वारंवार कानी पडतात. दहा वर्षांपूर्वी नवे समजले जाणारे 'पर्क' पद्धतीचे घट आता मागे पडून २०२४ पासून 'टॉपकॉन' घटांनी बाजारात आघाडी घेतली आहे. त्यांत इलेक्ट्रॉनांची वाटेतील गळती कमी होते आणि उष्णतेत होणारी घटही थोडी कमी असते. बाजारातील चांगले पॅनल आता २२ ते २३ टक्के कार्यक्षमतेचे असतात. 'द्विमुखी' पॅनल मागील बाजूनेही जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश टिपतात. आणि 'पेरोव्हस्काइट' या वर्गातील संयुगांनी तर संशोधकांना वेडच लावले आहे. २००९ साली जपानमध्ये या पदार्थाचा पहिला घट ३.८ टक्के कार्यक्षमतेचा होता. सिलिकॉनच्या घटावर त्याचा पातळ थर चढवून केलेल्या जोडघटाने २०२४ साली प्रयोगशाळेत ३४.६ टक्क्यांपर्यंत मजल मारली. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९ टक्के असल्याने हा आकडा लक्षणीय आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत् संशोधन केंद्रातही या दिशेने काम चालू आहे. तथापि ओलावा आणि उष्णता ही या संयुगांची दुबळी अंगे आहेत, आणि आपल्याकडे या दोहोंचीही वाण नाही. तेव्हा 'नवे तंत्र येऊ घातले आहे, थोडे थांबू', असा सल्ला एखाद्या ग्रामपंचायतीस कोणी देत असेल तर तो मानण्याचे कारण नाही. आज मिळणारा पॅनल गावाच्या कामास पुरेसा आहे. अडचण आता पॅनलची उरलेली नाही. जागा, पाणी आणि देखभाल या अडचणी मात्र आहेत, आणि त्यांचा निर्णय बहुतांशी गावातच होतो.

कृषी वाहिनीचे सौरीकरण

या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. त्या वेळी त्याचा हेतू गावातील दिवे-पंख्यांना अधिक तास वीज मिळावी हा होता. पण वेगळी झालेली हीच शेतीची वाहिनी पुढे सौर योजनेचा पाया ठरली. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही प्रायोगिक प्रकल्पांची ठिकाणे निवडण्यात आली. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. केंद्राच्या २०१९ च्या 'कुसुम' योजनेतील वाहिनी सौरीकरणाच्या घटकाची तिला जोड मिळाली. मार्च २०२४ मध्ये या टप्प्यात सुमारे ९ हजार मेगावॉट क्षमतेची कामे देण्यात आली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथील ३ मेगावॉटचा प्रकल्प हा दुसऱ्या टप्प्यातील आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक. धोंदलगावसह एकूण १९ मेगावॉटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी करण्यात आले.

योजनेची रचना समजण्यास सोपी आहे. ज्या उपकेंद्रातून शेतीच्या वाहिन्या निघतात, त्याच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरात सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज थेट त्या उपकेंद्रात सोडावयाची. शेतकऱ्याला पंप बदलावा लागत नाही, तार बदलावी लागत नाही, अर्जही करावा लागत नाही. त्याच्या रोहित्रावर सकाळी वीज येते, एवढाच फरक त्याला जाणवतो. पाच अश्वशक्तीच्या पंपास मोटरीतील घट धरून सुमारे सव्वाचार किलोवॉट वीज लागते, या हिशेबाने तीन मेगावॉटचा प्रकल्प भर दुपारी सुमारे ७०० पंप एकाच वेळी चालवू शकतो. ढग आले तर उणी पडणारी वीज मूळ जाळ्यातून येते. पंप बंद असले तर उरलेली वीज त्याच जाळ्यात जाते. शिवाय चंद्रपूरची वीज शेकडो किलोमीटर वाहून आणण्यात जी गळती होते, ती येथे टळते.

यामागील आर्थिक हेतूही दुर्लक्षून चालणार नाही. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेनुसार एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासन भरत आहे. शेतकऱ्याला वीज विनामूल्य मिळाली तरी ती कोणाला तरी विकत घ्यावीच लागते. या योजनेतील सौरवीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि तिचा दर पंचवीस वर्षे ठरलेला असतो. कोळशाची वीज मात्र कोळसा आणि त्याची वाहतूक महागली की महागते. शेतीचा वीजखर्च उतरला तर अनुदानाचा आणि उद्योगांवर पडणारा अधिभारही हलका होऊ शकतो.

जेथे वाहिनीच पोहोचलेली नाही, अशा एकाकी विहिरींसाठी स्वतंत्र सौरपंपाचा मार्ग आहे. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींतील शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप दिला जातो. दोन्ही मार्गांत एक भेद लक्षात ठेवावा. वाहिनीवरील प्रकल्पाची दुपारची शिल्लक वीज दुसऱ्याच्या उपयोगी पडते. स्वतंत्र पंपाचे पॅनल पाणी उपसायचे नसेल त्या दिवशी बहुधा रिकामे तापत राहतात.

गायरान, भूजल आणि देखभाल

एक मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. धोंदलगावएवढ्या प्रकल्पास बारा-पंधरा एकर हवेत. २०२३ च्या धोरणानुसार खाजगी जमिनीस हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. कोरडवाहू, मुरमाड जमिनीच्या धन्यास हे उत्पन्न निश्चितच आकर्षक आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला विकासकामांसाठी वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे निधी मिळतो. परंतु पुष्कळ ठिकाणी दृष्टी प्रथम जाते ती शासकीय जमिनीकडे, आणि गावच्या भाषेत ती 'पडीक' जमीन म्हणजे गायरान असते.

गायरान पडीक नसते. मेंढपाळाची चराई, भूमिहीनाच्या शेळ्या आणि सरपण तेथूनच येते. ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशांचा तो सातबारा होय, असे म्हटले तरी चालेल. दिवसाच्या विजेचा लाभ विहीरवाल्याला आणि गायरानाची झळ भूमिहीनाला, अशी वाटणी झाली तर गावात कुरबुर होणारच, आणि ती केवळ अडवणूक म्हणून झटकता येणार नाही. ठरावापूर्वी गायरानावर प्रत्यक्ष कोण चारतो, किती जनावरे, कोणत्या महिन्यांत, याची नोंद ग्रामसभेत झाली आणि उरलेल्या क्षेत्राकडे जाणारी वाट मोजून ठेवली, तर पुढचे अर्धे तंटे टळतात. पाच लाखांच्या निधीतून चारा आणि पाण्याच्या हौदाची सोय आधी करणाऱ्या गावास विरोधही कमी होईल. गटारे आणि सभामंडप एखादे वर्ष मागे राहिले तरी बिघडत नाही.

जमिनीचा दुहेरी उपयोग करण्याचे प्रयोगही चालू आहेत. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने २०१७ पासून पॅनलच्या रांगांमधील जागेत मूग, मटकीसारखी पिके घेऊन, पॅनलवर पडणारे पावसाचे पाणी टाकीत साठविण्याचा प्रयोग केला आहे. परदेशांत पॅनलखालील गवत मेंढ्यांकडून चारून घेतात. शेळ्यांना मात्र तेथे प्रवेश नसतो. उंच जागी चढण्याची त्यांची हौस पॅनलला परवडणारी नाही.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. रात्रीच्या विजेने शेतकऱ्याला त्रास दिला, पण त्या त्रासाने उपशालाही थोडी मर्यादा घातली होती. दिवसाची, विनामूल्य आणि खात्रीची वीज आली की ती मर्यादा उरत नाही. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यासारख्या भागात भूजल आधीच खोल गेले आहे. तेथे सौरपंपाबरोबर ठिबक सिंचन आणि पाण्याचा ताळेबंद यांचा आग्रह धरला गेला नाही, तर वीज मुबलक आणि विहीर कोरडी अशी अवस्था ओढवू शकते. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील धुंडी येथील शेतकऱ्यांनी २०१६ साली सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली आणि उपसा करून उरलेली वीज वीजकंपनीस विकण्यास प्रारंभ केला. वाचविलेल्या पाण्याचे पैसे मिळतात हे दिसले की नळ उघडा सोडण्याचा मोह कमी होतो. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हा प्रयोग अधिक गावांत का होऊ नये, हा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

देखभाल हा विषय रुक्ष, म्हणून दुर्लक्षित. पॅनलवर धूळ साचली की वीज घटते. ती धुण्यास पाणी लागते आणि उन्हाळ्यात गावाला प्यायलाच पाणी नसते. तांब्याच्या केबलींची चोरी होते. इन्व्हर्टर बंद पडला तर दुरुस्तीस कोण येणार, हे कागदावर असले तरी तो क्रमांक शेतकऱ्याच्या खिशात नसतो. सौरपंपास पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो, ही गोष्ट अनेक लाभार्थींना ठाऊकच नसते. केंद्राच्या 'सूर्यमित्र' प्रशिक्षणातून २०१५ पासून तंत्रज्ञ तयार होत आहेत. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या दोन-तीन तरुणांना हे काम गटविकास अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने जोडून देता आले, तर वाढत्या बाजारपेठेतील थोडा रोजगार गावातच राहील.

सूर्य मावळल्यावर

दिवसाची वीज विपुल झाली की सायंकाळची टंचाई अधिक उठून दिसते. सहा ते दहा या वेळात घरोघरी दिवे लागतात, तेव्हा पॅनल शून्यावर असतात. लिथियम बॅटऱ्यांची जागतिक सरासरी किंमत २०२३ साली किलोवॉट-तासास १३९ डॉलर होती, ती २०२४ साली ११५ पर्यंत उतरली; त्यामुळे सौर प्रकल्पाबरोबर साठवणुकीची अट घालणाऱ्या निविदा आता निघू लागल्या आहेत. दुसरा मार्ग महाराष्ट्राला अधिक परिचयाचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर येथे २००८ साली २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प कार्यान्वित झाला. खालच्या जलाशयातील पाणी वर चढवून ठेवावयाचे आणि मागणी वाढेल तेव्हा ते खाली सोडून वीज मिळवावयाची, ही त्याची रीत. अशा प्रकल्पांची आखणी रात्रीच्या शिल्लक औष्णिक विजेवर पंप चालविण्यासाठी झाली होती. सौरविजेच्या काळात दुपारी पाणी चढविणे आणि सायंकाळी खाली सोडणे लाभाचे ठरते. शेतीपंपाप्रमाणे येथेही घड्याळ उलटे फिरते.

घरांच्या छपरांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना असून एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन वा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे पाटण तालुक्यातील लहानसे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. तेथे घरांच्या जोडीला शाळा, पथदिवे आणि पाणीपुरवठाही सौरविजेवर आणण्यात आला. जिल्हा परिषदेच्या शाळा दिवसा भरतात, तेव्हा शाळांच्या छपरांचा विचार याच ओघात व्हावयास हवा. फक्त छप्पर गळके नाही ना, याची खात्री पॅनल चढविण्यापूर्वी करावी. नंतर दुरुस्ती दुप्पट खर्चाची होते.

पॅनलचे आयुष्य सुमारे पंचवीस वर्षे धरले जाते. आज माळावर उभे राहणारे पॅनल २०५० च्या सुमारास उतरवावे लागतील. त्यांत काच आणि ॲल्युमिनियमबरोबर थोडी चांदी असते, तसे अल्प प्रमाणात शिसेही असते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनलचा समावेश करण्यात आला असून ते नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. गायरान किंवा खाजगी जमीन भाडेपट्ट्याने देताना मुदत संपल्यावर पॅनल, लोखंडी सांगाडे आणि जमिनीतील काँक्रीटचे पाये कोणी काढावयाचे आणि जमीन कोणत्या स्थितीत परत द्यावयाची, हे कलम करारात आहे किंवा नाही, एवढे ठरावावर सही करण्यापूर्वी सरपंचांनी तपासून घ्यावे.